मोबाइल टॉवरमुळे पाखरं वाट चुकतात हे कारण हरकतीच्या अर्जात लिहावं का?

कातळसडा
कोकणात खाडीकाठी किंवा सड्यावर (कातळाच्या पठारावर) टॉवर येणार म्हटलं की ग्रामपंचायतीकडे जाणाऱ्या हरकतीत एक वाक्य ठरलेलं असतं: "लहरींमुळे पक्ष्यांची दिशा चुकते." माझं म्हणणं, हे वाक्य खोडा. समोरच्या कंपनीचा माणूस नेमकं तेवढंच धरतो आणि बाकीचा अर्ज बाजूला पडतो.

रात्री प्रवास करणाऱ्या छोट्या पक्ष्यांचं होकायंत्र सुईचं नसतं. आज सगळ्यात भक्कम असलेला समज असा: डोळ्याच्या पडद्यात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. त्यावर निळा-हिरवा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो, दोन एकटे इलेक्ट्रॉन जोडीने उरतात आणि त्यांच्या स्पिनवर (इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकपणावर) पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो. ही जोडी कुठल्याही लहरीने बिथरत नाही, तिला वारंवारतेची वरची हद्द आहे. जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या गटाने काळ्या टोपीच्या वटवट्यांवर हे तपासलं. 75 ते 85 मेगाहर्ट्झचा गोंगाट सोडला तर पक्षी गोंधळले (2022). 140 ते 150 आणि 235 ते 245 मेगाहर्ट्झला ढिम्म (2023). मोबाइलचे पट्टे 700 मेगाहर्ट्झपासून वर. विषय संपला.

मीठकोळसा
कसा संपला? तुम्ही वरची अँटेना पाहिलीत, खाली कुंपणातलं कपाट पाहिलं नाहीत. टॉवरची यंत्रणा 48 व्होल्ट डीसीवर चालते. ते व्होल्टेज देणारे रेक्टिफायर दहा-वीस ते शेकडो किलोहर्ट्झच्या वेगाने चालू-बंद होत असतात आणि त्यांचा विद्युत-कचरा मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. आता त्याच ओल्डेनबर्गचा 2014 चा प्रयोग घ्या. विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोल्यांमध्ये ठेवलेल्या युरोपी रॉबिन पक्ष्यांना दिशाच धरता येईना. खोल्यांना आतून ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून ते अर्थ केले, तेव्हा पक्षी ताळ्यावर आले. नुसती अर्थिंगची वायर काढली की पुन्हा गोंधळ. दोषी पट्टा निघाला 50 किलोहर्ट्झ ते 5 मेगाहर्ट्झ, आणि ताकद माणसांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली.

आपल्याकडे अर्थिंगची काय कथा आहे ते जांभ्यावर काम केलेल्या कुठल्याही वायरमनला विचारा. कातळात खड्डा खोल जात नाही, म्हणून मीठ-कोळसा भरतात. पावसात ठीक चालतं. एप्रिलमध्ये खड्डा कोरडा पडतो, कोणी पाणी ओतत नाही आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. नेमका तोच पक्ष्यांच्या परतीचा हंगाम.

कातळसडा
मुद्दा चांगला आहे, पण अंतर विसरलात. 50 किलोहर्ट्झची तरंगलांबी 6 किलोमीटर. त्या टोकाला कपाटापासून काहीशे मीटरपर्यंत निकटक्षेत्र (जिथे लहर अजून सुटून निघालेली नसते), आणि तिथे चुंबकीय गोंगाट अंतराच्या घनाने उतरतो. 10 मीटरवर जे आहे त्याचा 100 मीटरवर हजारावा भाग. वरून जाणाऱ्या थव्याला त्याचं काय? शिवाय आकाशवाणीच्या मध्यम लहरी 531 ते 1602 किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर तुमच्या दोषी पट्ट्यात. हरकत घ्यायचीच तर आधी रेडिओवर घ्या की!

मीठकोळसा
वरून जाणारा नव्हे हो, कुंपणालगतच्या करवंदीत बसलेला पक्षी धरा. होकायंत्र जुळवण्याची वेळ संध्याकाळची. 2004 साली अमेरिकेत थ्रश पक्ष्यांभोवती (आपल्या कस्तुराचे भाऊबंद) मावळतीच्या वेळी चुंबकीय क्षेत्र पूर्वेकडे फिरवलं आणि मग त्यांना सोडलं. रात्रभर ते चुकीच्या दिशेने उडाले. बसल्या जागी झालेली गडबड पुढे शेकडो किलोमीटर सोबत जाते.

कातळसडा
आणि दुसऱ्या रात्री? नवी मावळती पाहून तेच थ्रश बरोबर दिशेला लागले, हे का गाळलंत?

उताराचा कोन
दोघेही युरोप-अमेरिकेतले आकडे कोकणात जसेच्या तसे आणताय. पक्ष्याच्या या होकायंत्राला उत्तर-दक्षिण कळतच नाही. फ्रँकफर्टच्या विल्चको दांपत्याने 1972 मध्ये दाखवलं की रॉबिन क्षेत्ररेषांचा जमिनीशी होणारा कोन वाचतो: ध्रुवाकडे की विषुववृत्ताकडे, एवढंच. जर्मनीत हा कोन 65 अंशांच्या पुढे, रेषा जवळजवळ उभ्या. अलिबागला तो सुमारे 26, वेंगुर्ल्याला 20 च्या आसपास, आणि तिरुनेलवेलीकडे शून्याजवळ. क्षेत्र पूर्ण आडवं केलं की रॉबिनला काहीच उमगत नाही. म्हणजे दक्षिणेकडे जावं तसं हे साधन बोथट होत जातं. नोव्हेंबरात कोकणावरून अरबी समुद्रात शिरणारा अमूर ससाणा तर चुंबकीय विषुववृत्त (जिथे हा कोन शून्य) ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. तिथे पलीकडे कोनाचा अर्थच उलटा होतो! माझ्या मते इथे पक्ष्याची भिस्त सूर्य आणि ताऱ्यांवर जास्त असणार. ध्रुवतारा रत्नागिरीत क्षितिजापासून फक्त 17 अंशांवर, पण पिल्लं तो तारा पाठ करत नाहीत, आकाश कशाभोवती फिरतं ते पाहतात.

जाता जाता: विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली, तिथे 1904 पासून नोंदी आहेत. हे उदाहरण टॉवरविरोधात कोणी तरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. ट्रामचा प्रवाह प्रत्यक्ष क्षेत्रच हलवतो, सुई त्याने सरकते. रेडिओलहरीने सुई हलत नाही. दोन्ही एका पारड्यात टाकू नका.

गलबत
समुद्रपक्ष्यांना तर या वादातून वगळाच. जून-जुलैत पुळणीवर बूबी किंवा शिअरवॉटर पडलेला दिसला की "वाट चुकला" म्हणून फोटो फिरतो. वाट चुकलेली नसते, वाऱ्याने लोटलेला आणि उपाशी असतो. अझोर्स बेटांच्या शिअरवॉटरवर 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा: डोक्यावर चुंबक बसवलेले घरी परतले, वासाची शक्ती घालवलेले भरकटले. पुळणीवर पडलेल्या पक्ष्याला पाणी पाजायला जाऊ नका, समुद्रात परत ढकलू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याला कळवा.

लायटी
टॉवराचा काय ता मगे बघूया, आधी लायटी बंद करा.

मे अखेरीस दक्षिणेकडून रात्री येणारा नवरंग घ्या. वर ढग उतरलेले, तारे गायब, खाली रिसॉर्टचे आकाशाकडे तोंड केलेले पांढरे फ्लड. पक्षी झोतात शिरतो आणि घिरट्या घालत राहतो, दमून उतरतो, सकाळी काचेवर आदळतो. न्यूयॉर्कच्या 9/11 स्मृतिझोतांनी सात वर्षांतल्या सात रात्रींत 11 लाख पक्ष्यांना ओढलं असा रडारवरून अंदाज निघाला. दिवे मालवले की काही मिनिटांत थवे पांगत. टॉवरचंही तेच. मिशिगनमध्ये ताणाच्या तारांच्या (टॉवर उभा धरून ठेवणाऱ्या) टॉवरवरचे सतत जळणारे दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले तर पक्ष्यांचे मृत्यू 50 ते 71 टक्के घटू शकतात, असं 2009 मध्ये दिसलं.

कातळसडा
मग अर्जात हेच लिहू: ताणाच्या तारा नकोत, माथ्यावरचा दिवा लुकलुकणारा, कुंपणातले फ्लड खाली तोंड करून आणि सेन्सरवर, जागा पाणपक्ष्यांच्या रातथाऱ्यापासून आणि कांदळवनापासून लांब.

मीठकोळसा
आणि अर्थिंगचा रोध एप्रिलमध्ये, खड्डा कोरडा असताना मोजायचा. पावसाळ्यातला आकडा दाखवून सही घेऊ नका.

कातळसडा
ती अट घालू. पण कारण म्हणून "विजेची सुरक्षा" लिहा, पक्षी नको.

मीठकोळसा
पक्षीच लिहिणार.