रामशास्त्र्यांची आधीची गोष्ट

'सचोटी म्हणजे खोटं न बोलणं' असं म्हणतात, त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. खोटं न बोलणारे पण गरजेच्या वेळी गप्प बसणारे पुष्कळ पाहिलेत. आमच्या सोसायटीतच आहेत, जाऊ द्या.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे म्हटलं की सगळ्यांना 1773 आठवतं. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि शास्त्र्यांनी त्यात दोषी धरलेल्या त्यांच्या काकांना, राघोबादादांना, तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगून पुणं सोडलं. मला मात्र त्याआधीची, थोरल्या माधवरावांच्या वेळची आख्यायिका जास्त बोलकी वाटते. पेशवे जपजाप्यात गुंतले आणि राज्याची कामं खोळंबली. शास्त्री म्हणाले, स्नानसंध्याच करायची तर काशीला जाऊन बसू, मीही येतो. पण गादीवर बसायचं तर प्रजेचं काम आधी. माधवरावांनी ते ऐकलं.

इथे समोर खुनी नव्हता, भला धनी होता. वाईट माणसाला सुनावताना निदान चार लोक मनातून आपल्या बाजूने असतात. ज्याचं मीठ खातो आणि जो आवडतोही, त्याला त्याची चूक दाखवणं फार अवघड.

म्हणून एखाद्याची पारख करताना मी बघतो, तो आपल्याच माणसाच्या चुकीवर काय बोलतो. माझे एक जुने साहेब बिलं तपासताना स्वतःच्या भाच्याचंच टॅक्सीचं बिल परत पाठवायचे. भाचा वर्षभर बोलत नव्हता त्यांच्याशी.