दारात रोज सात-आठ बेडकं, मीठ टाकू का नको?

लातूरवाला:
नमस्कार मंडळी, मिरगाचा पाऊस झाल्यापासून आमच्या दारात रोज दिवेलागणीला सात-आठ बेडकं येऊन बसायलेत. बारकी नाहीत, चांगली मुठीएवढी, अंगभर खरबरीत फोड. पायरीवरच्या एलईडीखाली अशी बसतात जसं काय पंगतीला बोलावलंय. काल एक पप्पांच्या चपलेत होतं, पप्पांनी अंधारात पाय घातला अन् पुढचं अख्ख्या गल्लीनं ऐकलं. शेजारच्या काकू म्हणतात मीठ टाक, बायको म्हणते जीव घ्यायचा नाही, आई पोराला बाहेर सोडेना (हाताला चामखीळ येईल म्हणे), अन् माझी भीती वेगळीच, बेडकामागं साप येतोच ना? काय करावं?

परभणीचा शेतकरी:
मीठ टाकू नका भाऊ. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून ओढतं, मिठानं लई हाल होऊन मरतं. फिनाईलचंही तेच. ती तुमच्यासाठी येत नाहीत, दिव्यावरच्या किड्यांसाठी येतात. पहिल्या पावसानं उधईचे पंखवाले किडे निघतात, पांढऱ्या दिव्यावर तुटून पडतात, खाली बेडकांची दिवाळी. पिवळा बल्ब लावा, नाहीतर दिवा दारावरून काढून फाटकाकडं न्या. पंगत हलली की जेवणारे हलतात. आमच्या माळवदाच्या घरी ढेलजेत रांजणाखाली एक बेडूक कायम असायचं, आजी रांजण सरकवायच्या आधी त्याला सांगायची, सरक बाबा.

रात्रीची बॅटरी:
मी साप पकडायला जातो म्हणून सांगतो. भीती खोटी नाही, बेडकामागं दिवड येते, ती बिनविषारी, पण नागही बेडूक खातो. तेव्हा दाराखालच्या फटीला रबरी पट्टी मारा, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पायरीलगत पडलेल्या विटा, फरशीचे तुकडे आजच उचला. रात्री बॅटरीशिवाय दाराबाहेर पाय नको, मण्यार रात्रीच फिरते अन् तिचा चावा कधीकधी कळतही नाही. साप दिसलाच तर मारायला धावू नका, लांबून नजर ठेवा अन् सर्पमित्राला बोलवा.

जालनेकर ताई:
दादा, चपलेत बेडूक निघालं हे नशीब समजा, आमच्याकडं इंगळी निघाली होती. चप्पल-बूट झटकूनच घाला. विंचू चावला तर मंत्र-बिंत्र सोडून सरळ दवाखाना गाठा. त्याच्यावर प्राझोसिनची गोळी चालते हे जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आमच्या जालना जिल्ह्यातलेच, 2022 ला पद्मश्री मिळाली. अन् आईंना सांगा चामखीळ विषाणूनं होते, बेडकानं नाही. उचललं की अंगावर पाणी सोडतं तेवढंच, हात धुतले की झालं. कुत्रं पाळलंय का? त्यानं तोंडात धरलं तर फेस येतो, कातडीत विष असतं, लगेच पाण्यानं तोंड धुवा अन् जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

लातूरवाला:
सगळ्यांचे आभार. पिवळा बल्ब लावून आठ दिवस झाले, पट्टी पण मारली. आता दोन-तीनच येतात. एक थोरलं तुळशीच्या कुंडीमागंच मुक्कामाला आहे, पोरानं त्याचं नाव सरपंच ठेवलंय अन् आई आता म्हणते राहू दे, डास तरी खाईल. पप्पा मात्र अजून चप्पल काठीनं उलटी करूनच घालतात.