मदत हवी आहे: मनगटी पट्ट्यातली व्हायब्रेशन मोटर नीट जाणवत नाही, वर बोर्ड रीसेट होतो

खटपट्या

नमस्कार मंडळी,

मिरजेला आमची आत्या एकटी राहते. वय ७४, श्रवणयंत्र आहे पण घरात ती ते काढूनच ठेवते. दारावरची बेल ऐकू येत नाही, त्यामुळे दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळे शेजाऱ्यांकडे निरोप ठेवून जातात. म्हणून बेल वाजली की मनगटावर थरथर होईल असा पट्टा तिच्यासाठी करतोय.

मांडणी अशी आहे. दाराशी वेगळं बटण आणि त्याच्यामागे एक ईएसपी८२६६, म्हणजे वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप (मूळ बेलच्या २३० व्होल्टला हात लावलेला नाही). पट्ट्यात त्याच चिपचा डी१ मिनी बोर्ड, ५०० एमएएचची रिचार्जेबल लिपो बॅटरी आणि १० मिमीची नाण्यासारखी चपटी मोटर. मोटर तयार मॉड्यूलवर आहे, ट्रान्झिस्टर आणि डायोड त्याच्यावरच आहेत. सगळं पुण्यात बुधवार पेठेत घेतलं. दोन बोर्डांचं बोलणं ईएसपी-नाऊवरून, म्हणजे राउटरशिवाय थेट. मॉड्यूलचा सिग्नल डी० पिनला, पॉवर ३.३ व्होल्टच्या पिनवरून, बॅटरी ५ व्होल्टच्या पिनला.

अडचणी:

१. टेबलावर मोटर झकास गुरगुरते, पण डबीत बसवली की आत्याला कळतच नाही. डबी थ्रीडी प्रिंट केलेली आहे. टोचू नये म्हणून आत फोमची दुहेरी टेप लावून मोटर झाकणाला चिकटवली आहे.

२. बॅटरी भरलेली असताना ठीक चालतं. थोडी उतरली की मोटर सुरू व्हायच्या क्षणी बोर्ड रीसेट होतो.

३. बोर्ड चालू करताना मोटर उगाच एकदा थरथरते. रीसेट झाला की परत. त्यामुळे आत्या दोनदा दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघून आली.

४. analogWrite मध्ये (मोटरचा जोर ठरवणारी कोडमधली आज्ञा) ३०० द्या नाहीतर ९००, जोर सारखाच. कोड एका जुन्या उदाहरणावरून घेतलाय.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मी कॉमर्सवाला आहे, तेव्हा जरा उलगडून सांगा.

---

निवृत्त_वायरमन

उत्तम उद्योग. मधले दोन प्रश्न आधी घेतो, त्यांचं मूळ जोडणीत आहे.

रीसेटचं कारण सरळ आहे. ही मोटर फिरताना साधारण ७०-८० मिलिअँपिअर घेते, पण जागची हलताना त्याहून बरंच जास्त. त्याच वेळी वायफाय रेडिओ करंटचे मोठे झटके घेत असतो. दोघांचा भार बोर्डावरच्या एकाच छोट्या रेग्युलेटरवर (व्होल्टेज ३.३ वर धरून ठेवणारा भाग). त्यात लिपो ३.७ च्या खाली आली की रेग्युलेटरला ३.३ राखायला जागाच उरत नाही. व्होल्टेज बसतं, चिप रीसेट.

म्हणून मोटरची पॉवर ३.३ च्या पिनवरून काढा आणि थेट बॅटरीच्या प्लसवरून द्या, मॉड्यूलमधूनच. ग्राउंड सगळ्यांचा एक. बोर्डाच्या पॉवर पिनांजवळ २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डाग देऊन टाका. मोटरच्या दोन तारांवर ०.१ चा सिरॅमिकही लावा, मोटरमधल्या ब्रशमुळे होणारा विजेचा गोंगाट कमी होतो.

पण एक लक्षात ठेवा, मोटर ३ व्होल्टची आहे आणि भरलेली लिपो ४.२ देते. पूर्ण जोरात लावलीत तर ब्रश लवकर झिजतील. जोर ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

उगाच थरथरण्याचं कारण डी०. हा पिन बूट होताना हाय असतो. सिग्नल डी१ किंवा डी२ वर न्या आणि तिथून ग्राउंडला १० के चा रेझिस्टर टाका. बूट होताना सगळ्यात शांत पिन हेच दोन. घाईत डी३, डी४, डी८ वर नेऊ नका, बोर्ड कोणत्या मोडमध्ये उठायचं हे त्यांच्यावरून ठरवतो. मग तो उठेलच याची खात्री नाही.

---

चहा_बिस्कीट

४ चं उत्तर: ईएसपी८२६६ च्या आर्डुइनो कोअरमध्ये (बोर्डासाठीच्या सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये) analogWrite ची कमाल आधी १०२३ होती, ३.० आवृत्तीपासून २५५ झाली. तुमचा कोड जुना, कोअर नवा. ३०० काय, ९०० काय, दोन्ही कमालीच्या वरच. सेटअपमध्ये analogWriteRange(1023) लिहा, जुने आकडे चालतील.

आणि जोर कमी ठेवणार असाल तर सुरुवातीला ५० मिलिसेकंद पूर्ण द्या, मग खाली आणा. नाहीतर मोटर नुसती कुंथत बसते, फिरत नाही.

---

रेवा_टिंकर

पहिल्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे!

या चपट्या मोटरच्या आत एका बाजूला जड असलेली चकती फिरते. त्यामुळे थरथर तिच्या पृष्ठभागाला समांतर, म्हणजे आडवी होते. फोमची टेप नेमकी आडवी घसरते. मोटर फोमवर मजेत डुलत बसते आणि डबीला पत्ताच नसतो. त्यात ती चिकटवलीत झाकणाला, म्हणजे मनगटापासून सगळ्यात लांब. मध्ये बॅटरी आणि बोर्ड. मोटर तेवढाच धक्का देते; जेवढं जास्त वजन तिला हलवावं लागेल तेवढी हालचाल कमी.

फोम काढून टाका. डबीच्या तळाला, कातडीला टेकणाऱ्या बाजूला, मिलिमीटरभर जाडीचा भाग ठेवा आणि मोटर तिथे पातळ, कडक टेपने बसवा. मोटरच्या पाठीला येते ती टेप पुरते. पातळ सुपरग्लू नको, झिरपून आत गेला तर चकती अडकते. मोटर लिपोवर तर मुळीच चिकटवू नका. टोचतंय म्हणून काही मऊ हवंच असेल तर ते पट्ट्याला लावा, मोटरखाली नको.

तारा सांभाळा. त्या केसासारख्या बारीक असतात आणि मोटरमधून बाहेर येतात तिथेच तुटतात. तिथे तुटली की परत डाग द्यायला जागाच राहत नाही. तारेला छोटा वळसा देऊन मोटरपासून थोड्या अंतरावर ग्लू गनचा ठिपका टाका, म्हणजे ओढ ठिपक्यावर येते. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी असतील तर काढा, थरथरीने सैल होतात.

शिवाय चाचणी आत्यांच्याच मनगटावर करा. वयानुसार थरथर जाणवणं कमी होत जातं, तुम्हाला जोरात वाटेल ते त्यांना पुसटसं वाटेल. अखंड गुरगुरीपेक्षा तुकडे बरे: ३०० मिलिसेकंद चालू, २०० बंद, असं चार-पाच वेळा. १०० च्या खाली जाऊ नका. मोटरला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, सगळं एकात एक मिसळतं.

बाय द वे, आत्या बांगड्या घालतात का? डबी त्यांच्यावर आपटत राहिली तर कशाने हात थरथरला तेच कळणार नाही.

---

आडगावचा_तारतंत्री

सगळं बरोबर, पण बॅटरीचा हिशेब कुणी केला का? ईएसपी-नाऊचा संदेश घ्यायचा तर पट्ट्यातला रेडिओ सतत ऐकत राहणार. ते साधारण ७० मिलिअँपिअर. ५०० ला ७० ने भागा, सात तास. सकाळी घातलेला पट्टा दुपारच्या झोपेपर्यंत गार.

पट्ट्यात ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड) आणि एनआरएफ२४एल०१ हा वेगळा रेडिओ घाला. ऐकताना रेडिओ १३ च्या आसपास घेतो, प्रो मिनी थोडंसं. दिवस आरामात निघेल. दाराशीही तोच रेडिओ जोडावा लागेल. कोड बदलावा लागेल हे खरं, पण आत्यांना दुपारी चार्जिंगची आठवण कोण करणार?

---

खटपट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. सिग्नल डी१ वर नेला, पॉवर थेट बॅटरीवरून दिली. रीसेट थांबला आणि उगाचची थरथरही. रेंजचा घोळ चहा_बिस्कीट म्हणतात तोच होता.

रेवाताई, मोटर तळाला बसवली आणि आत्याला फोन करून भाच्याकडून बेल दाबवली. “अगं बाई, मुंगळा चावल्यागत होतंय” हा अभिप्राय. मी तो पास धरतोय. पाटल्या उजव्या हातात आहेत, पट्टा डाव्या हाताला बांधला.

एनआरएफ मागवतो. तोवर एकच शंका: रात्री पट्टा घालून झोपायला ती तयार नाही. उशीखाली हीच मोटर चालेल का?

---

रेवा_टिंकर

नाही, उशी तिला गिळून टाकेल. जुन्या गेम कंट्रोलरमधली मोठी मोटर मिळवा, तिच्या दांड्याला चांगलं जड वजन असतं. वजन उघडं फिरतं, कापड गुंडाळलं जाईल, म्हणून मोटर झाकणाच्या साबणाच्या डबीत घट्ट बसवा. ती मोटर प्लगच्या ५ व्होल्ट अडॅप्टरवर, लॉजिक लेव्हल मॉसफेटमधून (बोर्डाच्या पिनवरून चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) चालवा, डायोड विसरू नका. अडॅप्टर भिंतीला असल्यामुळे तिथे तुमचा डी१ मिनीच चालेल, बॅटरीची काळजी नाही. फक्त दाराशी दोन्ही रेडिओ ठेवा. पट्टा तेवढ्या वेळात चार्जिंगला लागेल.