'हिंटरलँड': एकच खून दोन भाषांत दोनदा चित्रित करायची गरज होती का?

रानवाट

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 'हिंटरलँड' ही पश्चिम वेल्समधल्या केरेडिगिऑन परगण्यात घडणारी पोलिसी मालिका. अ‍ॅबरिस्टविथ हे समुद्रकाठचं विद्यापीठाचं गाव, त्याच्या मागे डोंगर, मेंढ्या आणि बंद पडलेल्या शिशाच्या खाणी. लंडनहून आलेला टॉम मथायस (रिचर्ड हॅरिंग्टन) आणि त्याच मुलखातली मारेड रीस (माली हॅरिस) तपास करतात. २०१३ ते २०१६ या काळात तीन पर्वं आली, भाग साधारण दीड तासाचे. संवाद असलेला प्रत्येक प्रसंग एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीत चित्रित झाला. वेल्श रूप 'अ ग्विल' या नावानं ऑक्टोबर २०१३ मध्ये एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवर आलं, इंग्रजी रूप जानेवारी २०१४ मध्ये बीबीसी वन वेल्सवर.

माझं म्हणणं असं की इंग्रजी रूप काढायलाच नको होतं. २०११ च्या जनगणनेत केरेडिगिऑनमध्ये वेल्श येणारे ४७.३ टक्के होते, सगळ्या वेल्समध्ये १९. विद्यार्थ्यांनी भरलेलं अ‍ॅबरिस्टविथ सोडून आतल्या वाड्यावस्त्यांवर गेलात तर प्रमाण आणखी चढतं. पहिल्याच भागात बोर्थच्या बंगल्यातल्या रक्तापासून माग निघतो आणि डेव्हिल्स ब्रिजच्या जुन्या अनाथाश्रमापाशी पोचतो. तिथलं सगळं गावाला ठाऊक असतं आणि वर्षानुवर्षं कोणी तोंड उघडत नाही. आता असा साक्षीदार मारेडशी, म्हणजे आपल्याच मुलखातल्या बाईशी, स्वतःच्या स्वयंपाकघरात इंग्रजीत बोलायला लागला की ते दडवणं खोटं वाटतं. इंग्रजी रूपात अधूनमधून वेल्श आहे हे मान्य, पण ती तोंडी लावण्यापुरती. एकच रूप करायचं, माणसं जशी बोलतात तशी दोन्ही भाषांत, खाली उपशीर्षकं. वेल्समधल्याच पोर्ट टॅल्बटमध्ये घडणाऱ्या 'बँग' या मालिकेनं २०१७ मध्ये नेमकं हेच केलं.

हिशेबनीस

तत्त्व छान आहे, पैसे कोण देणार? एस-फोर-सी १९८२ साली सुरू झाली तीच मुळात वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विन्फोर एव्हान्स यांनी १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा देऊन, वेल्श वाहिनीचं वचन मोडू पाहणाऱ्या सरकारला माघार घ्यायला लावल्यावर. २०१० च्या सरकारी काटकसरीत तिचा जवळपास पाव निधी कापायचं ठरलं. दीड तासाचे, बाहेर चित्रीकरण असलेले भाग तिला एकटीला झेपणारे नव्हते. बीबीसी वेल्स आली ती इंग्रजी रूप मिळणार म्हणून.

आणि दोनदा म्हणजे दुप्पट खर्च, असा समज असेल तर तो काढून टाका. धरून चालू की ९० मिनिटांच्या भागात ५० मिनिटं संवाद आहेत आणि दिवसाला ५ मिनिटं वापरण्याजोगं चित्रीकरण होतं. एका भाषेत १८ दिवस. दुसऱ्या भाषेसाठी फक्त ती ५० मिनिटं पुन्हा करायची. दिवे लावलेले, कॅमेरा जागेवर, हालचाली बसलेल्या, म्हणून समजा ४० टक्के वेळ लागला, तर आणखी ४ दिवस. म्हणजे १८ च्या जागी २२. साधारण सव्वापट खर्चात विकायला दोन माल. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीनं मालिका प्रक्षेपणाआधीच घेतली होती. ज्यांच्या गुन्हेमालिका आपण सगळे उपशीर्षकं वाचत बघत होतो, तेच हिचे गिऱ्हाईक झाले.

कातरजोड

हिशेबनीस, तुमचे २२ दिवस चित्रीकरणाचे झाले. खरा घोळ संकलनाच्या टेबलावर सुरू होतो.

एकच प्रश्न दोन भाषांत सारख्या वेळात संपत नाही. वेल्श वाक्य चार सेकंदांचं आणि इंग्रजी अडीच, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कधी कापायचं ती जागाच सरकते. त्यामुळे एक रूप जुळवून त्यावर दुसऱ्याचा आवाज ठेवला असं होत नाही. संवादाचा प्रत्येक प्रसंग नव्यानं कापावा लागतो आणि संवादाचा ध्वनी दोनदा साफ करावा लागतो. वाचतं काय, तर संगीत, वारा, पावलं, गाडीचा आवाज यांचा वेगळा ठेवलेला पट्टा. तोही पुन्हा बसवावा लागतोच, कारण लांबी बदललेली असते.

शिवाय सातत्य. वेल्शमध्ये कप उजव्या हातात होता, इंग्रजीत डाव्या. एरवी एका भाषेतल्या चुकलेल्या टेकची भरपाई त्याच भाषेतल्या दुसऱ्या टेकनं होते. इथे दिवस सरत आलेला, उजेड जातोय आणि भाषा दोन, मग प्रत्येक भाषेच्या वाट्याला टेक कमी येतात. दुसऱ्या भाषेपर्यंत नटाचा पहिला ताव उतरलेला असतो. रडण्याच्या प्रसंगात तर फारच.

एक गोष्ट मात्र वेल्समध्ये फुकट मिळते. तिथल्या पाट्या द्विभाषिकच असतात. रस्त्यावर 'आराव' आणि 'स्लो' दोन्ही रंगवलेलं असतं, त्यामुळे गाडी वळणावरून येते तो शॉट दोन्हीकडे चालतो. चिठ्ठी, फोनवरचा संदेश, तपासफळ्यावरचं लिखाण यांचे जवळचे शॉट मात्र दोनदा घ्यावे लागतात.

रानवाट

कातरजोड, तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. आणि एक सांगा, बिनसंवादाचा प्रसंग एकदाच चित्रित होतो ना? मथायस समुद्राकडे बघतोय, मथायस माळावरून पळतोय, गाडी धरणावरून जातेय. सगळे त्याला 'नॉर्डिक संथपणा', म्हणजे डेन्मार्क-स्वीडनकडच्या गुन्हेमालिकांसारखा, म्हणून वाखाणतात. मला त्यात बिलाचा वास येतो. संवादाचं मिनिट महाग, शांततेचं स्वस्त. मग कथानक पातळ आणि निसर्ग जाड. गाव कुठे दिसतं त्यात? चार पडकी घरं आणि ढग.

खडीसाखर

बिलाचा वास येतो म्हणून जेवण वाईट ठरत नाही! त्या मुलखात दोन शेतांमधलं अंतर खरोखर मोठं आहे. सबंध परगण्याची वस्ती २०११ मध्ये ७६ हजारांच्या आसपास होती, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पोलिसांचा अर्धा वेळ गाडीतच जाणार. ते कापून टाकलं तर उरेल ते शहरातलं पोलीस ठाणं.

आडवाट

भाषेवर एवढं रण, आणि तपासाबद्दल कोणी बोलत नाही? प्रॉसर साहेब धरून पाच जण खुनाचा सगळा तपास उरकतात. ब्रिटनमध्ये खुनाची चौकशी अशी चालत नाही. घरोघर फिरणारं पथक वेगळं, मुद्देमाल सांभाळणारा वेगळा, आणि प्रत्येक जबाब 'होम्स' या संगणक प्रणालीत भरला जातो. यॉर्कशायरमध्ये एकामागोमाग खून करणाऱ्याच्या तपासात कार्डांच्या ढिगाऱ्यात दुवे हरवले, म्हणून १९८० च्या दशकात ती आली. एकट्यानं कड्याच्या टोकावर उभं राहून विचार करणारा अधिकारी हा मालिकेपुरता. अंतराचा फायदाही त्यांनी नीट घेतला नाही. परगण्यात मोटरवे नाही, राजधानी कार्डिफहून गाडीनं यायला अडीच-तीन तास. न्यायवैद्यक तज्ज्ञ पोचेपर्यंत उघड्यावरच्या प्रेताभोवतीचे टायरचे आणि बुटांचे ठसे पावसात धुऊन जाणार, वर मेंढ्या तुडवणार. खेड्यातल्या तपासाची खरी अडचण ही आहे, आणि पडद्यावर डॉक्टर लगेच हजर.

सातेरी

रानवाट यांच्याशी सहमत, आणि दाखला घरचा आहे. २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली, सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झालेली. पात्रं मालवणी बोलतात, शहरातून आलेली प्रमाण मराठी. दोन रूपं काढली नाहीत. नागपूर-नांदेडच्या प्रेक्षकानं दोन आठवड्यांत कान लावून घेतला. अण्णा नाईकांच्या तोंडी पुणेरी मराठी घालून बघा, वाडाच कोसळेल.

हिशेबनीस

सातेरी, हा दाखला इथे लागू पडत नाही. मराठी माणसाला मालवणी निम्मी तरी कळतेच. इंग्रज प्रेक्षकाला वेल्शचं एक अक्षर कळत नाही. तुलना करायची तर प्रभातशी करा. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत, १९३७ चा 'कुंकू' मराठीत आणि तोच 'दुनिया न माने' म्हणून हिंदीत. बाजारासाठीच केलं ते, आणि त्यामुळे 'कुंकू'ची मराठी कोणाला भेसळीची वाटली नाही. हिंदी रूपानं खर्चाचा भार उचलला म्हणून मराठी रूपाला अंग चोरावं लागलं नाही. 'अ ग्विल'चंही तेच. तुम्हाला अस्सल हवंय ना? मग वेल्श रूप बघा, ते पूर्ण वेल्शमध्येच आहे! इंग्रजी रूपानं त्यातलं काय हिरावलं?

रानवाट

वेळ हिरावला. कातरजोड यांनी सांगितलेले ते कमी पडलेले टेक. आणि 'पूर्ण वेल्श' हीसुद्धा माझी तक्रारच आहे. केरेडिगिऑनमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना वेल्श येत नाही. इंग्लंडहून निवृत्त होऊन आलेले आहेत, विद्यार्थी आहेत. 'अ ग्विल'मध्ये तेही घडाघडा वेल्श बोलतात. म्हणजे एका रूपात गाव सगळं इंग्रजी, दुसऱ्यात सगळं वेल्श. खरं गाव दोन्हींच्या मध्ये आहे आणि ते कुठल्याच रूपात सापडत नाही.

कातरजोड

हा मुद्दा बिनतोड आहे. तरी मिश्र रूपाचा एक धोका सांगतो. उपशीर्षकं फक्त वेल्श वाक्यांना दिली की इंग्रज प्रेक्षक त्या वेळी ओळ वाचतो आणि चेहरा बघायचा राहतो. दोन ओळी वाचायला चार-पाच सेकंद लागतात. साक्षीदार खोटं बोलताना डोळे खाली नेतो तो क्षण नेमका त्यातच जातो. दोन भाषांत दोन रूपं असली की दोन्हीकडे घरच्या प्रेक्षकाला तो चेहरा मिळतो. बीबीसी अल्बा या स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या वाहिनीनं २०२५ मध्ये 'अन चेलन' ही गेलिक मालिका मिश्र रूपात केली, तिथल्या लुईस-हॅरिस बेटांवरची. तिथे कोणापाशी कुठली भाषा, हे पटकथेतच ठरवलेलं दिसतं. 'हिंटरलँड' आधी लिहून मग दोनदा बोलवून घेतली, तिला नुसती मागाहून मिसळून भागलं नसतं. पटकथा नव्यानं लिहावी लागली असती.

रानवाट

मग लिहायची होती. तीन पर्वं होती हातात.

हिशेबनीस

आणि 'बँग' किती देशांत बघितली गेली तेही सांगा आता.