बोलोन्या प्रक्रिया: जर्मनीने डिप्लोम मोडून काय मिळवलं?

नेकारकाठी:
जर्मनीला मास्टर करायला निघालेल्या मुलांचे प्रश्न ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायचे पैसे), एपीएस (भारतीय शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) आणि खोली यापलीकडे जात नाहीत. म्हणून हा धागा. नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत जर्मन विद्यापीठांत बॅचलर-मास्टर नव्हतेच. इंजिनियरिंगला डिप्लोम, म्हणजे साधारण पाच वर्षांची सलग पदवी असायची: दोन वर्षांनी फोरडिप्लोम, ती परीक्षा सुटली की पुढची तीनेक वर्षं आपल्या कलाने विषय, कारखान्यात काम, शेवटी प्रबंध. १९९९ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळीकडे आधी बॅचलर मग मास्टर, क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाच्या वेळेची मोजणी एकसारखी, मुदत २०१०. आणि जर्मनीत डिप्लोम जवळपास सगळीकडून गेला.

माझ्या मते चालत्या गाडीला खीळ घातली. पाच वर्षांचे तीन अधिक दोन केले, पण अभ्यास कमी करायला कोणी प्राध्यापक तयार नव्हता. सगळं पहिल्या तीन वर्षांत कोंबलं. पूर्वी फोरडिप्लोमचे गुण बहुतेक ठिकाणी अंतिम निकालात धरतच नसत, त्यामुळे पहिली दोन वर्षं चाचपडायची सोय होती. नंतर पहिल्या सत्रापासून प्रत्येक पेपर डोक्यावर. परीक्षेआधी घोका, पेपरात ओका! २००९ मध्ये हजारो मुलं रस्त्यावर आली, सभागृहं ताब्यात घेतली. दुसऱ्याच वर्षी नियम सुधारावे लागले: एका मॉड्यूलला (अभ्यासक्रमातल्या एका घटकाला) किमान ५ क्रेडिट आणि शक्यतो एकच परीक्षा. कायदा आणि वैद्यकाने या सगळ्यापासून चार हात लांब राहून आपली सरकारी परीक्षा टिकवली, त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

सरळमार्गी:
डिप्लोमचे गोडवे गाणारे सगळे डिप्लोम झालेले असतात. जे चौथ्या वर्षी सोडून गेले त्यांना विचारा. हातात फोरडिप्लोमचा कागद, आणि नोकरीच्या बाजारात त्याला कोणी कुत्रं विचारत नसे. मानव्यशाखेत माघिस्टर (तिकडची डिप्लोमसारखी जुनी पदवी) करणारे तर वर्षानुवर्षं लटकलेले असत, तिशी आली तरी विद्यार्थीच. तीन वर्षांनी एक पदवी हातात पडते आणि हवं तर तिथे थांबता येतं, ही सोय लहान वाटते का तुम्हाला?

आणि साहेब, तुम्ही पुण्यामुंबईकडून बी.ई. करून इथे आला असाल तर बोलोन्यामुळेच आलात. जुन्या पद्धतीत कुठे शिरला असता? फोरडिप्लोमनंतर तिसऱ्या वर्षात, जर्मन पोरांच्या मागे बसून. इंग्रजीतून दोन वर्षांचा सुटा मास्टर हा प्रकार तिथून पुढे फोफावला.

बाकावरचा:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नेकारकाठी:
माझी सोय झाली म्हणून व्यवस्था चांगली, हे काही पटत नाही. आणि "तीन वर्षांनी थांबता येतं" म्हणता, पण थांबतं कोण? विद्यापीठांतली बहुतेक मुलं बॅचलर संपला की मास्टरलाच जातात. शेवटी तीच पाच वर्षं, मध्ये एक प्रवेशाची रांग जास्तीची.

सरळमार्गी:
राहता राहिला "कोंबलं" हा मुद्दा. हांबुर्गच्या रोल्फ शुल्मायस्टर यांनी बॅचलरच्या मुलांना रोजच्या तासांची नोंद ठेवायला लावली होती. सरासरी निघाली आठवड्याला २३ तासांच्या आसपास. क्रेडिटच्या हिशेबाने ४० च्या घरात हवी. ओझ्याखाली दबलेलं पोरगं मला तरी या आकड्यात दिसत नाही.

नेकारकाठी:
अभ्यास पूर्ण वाचा की राव. त्यांनी दोष वेळापत्रकाला दिलाय. एका सत्रात पाच-सहा विषय तुकड्यातुकड्याने समांतर चालतात, एकात डोकं घालायला सलग वेळ मिळत नाही आणि शेवटी सगळ्या परीक्षा एका पंधरवड्यात अंगावर येतात. अगदी हेच मी म्हणतोय.

अर्जछाननी:
मी एका जर्मन विद्यापीठात परदेशी अर्ज तपासायचं काम करते, म्हणून जरा कागदावरचं सांगते. डिप्लोम की मास्टर यात मला पडायचं नाही.

क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा वेळ. एका क्रेडिटला २५ ते ३० तास, वर्षाला ६० क्रेडिट. ५ क्रेडिटचा विषय ३० तासांनी धरला तर १५०. आठवड्याला ४ तास वर्ग, १५ आठवडे, झाले ६०. उरलेले ९० तास घरचा अभ्यास, गृहपाठ, परीक्षेची तयारी. हे सगळं अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत विषयवार छापलेलं असतं. पोलंडचा अर्ज आला की मी ती पुस्तिका उघडते आणि दहा मिनिटांत मोकळी होते. भारतातला अर्ज आला की गुणपत्रिकेवर नुसतं "गणित ३: ७१". तास किती, शिकवलं काय, पत्ता नाही. मग मुलगा कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालून शिक्का मारलेला सिलॅबस आणतो, त्याची झेरॉक्स तिरकी आलेली असते आणि नेमकी आम्हाला हवी असलेली ओळ कापलेली.

गुणांचं त्याहून वाईट. परदेशी गुण बदलून घ्यायला इथे बव्हेरियन सूत्र वापरतात. त्याला जास्तीत जास्त गुण, पासाचे गुण आणि तुमचे गुण एवढंच कळतं. समजा १००, ४० आणि ६८. शंभरातून ६८ गेले, राहिले ३२. भागिले ६०, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.६. जर्मनीत १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. कित्येक मास्टरची अट असते २.५. इतिहासात ६८ टक्के मिळवणारं पोरगं आपल्याकडे विद्यापीठात वर असू शकतं, कारण त्या विषयात शंभर कोणाच्या स्वप्नातही येत नाहीत. सूत्राला त्याचं सोयरसुतक नाही. युरोपने आपसात यावर तोडगा काढलाय: कोणत्या श्रेणीत किती टक्के मुलं येतात त्याचा तक्ता द्यायचा, म्हणजे ६८ कुठे बसतात ते दिसतं. माझ्या टेबलावर आलेल्या भारतीय गुणपत्रिकांसोबत असा तक्ता मी अजून पाहिलेला नाही. बोलोन्याला शिव्या द्यायच्या त्या जरूर द्या, पण हा तक्ता तेवढा उचला.

खडूस_मास्तर:
ताई, तक्ता देऊ. आधी तासांचं बोलू. मी गेली बरीच वर्षं कॉलेजात शिकवतो. नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आपल्याकडेही एका क्रेडिटला ३० तास धरलेत. पण वर्षाला क्रेडिट ४०, म्हणजे १२०० तास. जर्मनीचे ६० गुणिले ३० म्हणजे १८००. एका क्रेडिटचं वजन तेच, आणि वर्ष मात्र ६०० तासांनी हलकं. तरी अर्ज करताना मुलं बिनदिक्कत दीडाने गुणून आपले १६० क्रेडिट २४० करतात.

अर्जछाननी:
गुणतात खरी. काही विद्यापीठं मान्यही करतात, वर्षाला वर्ष म्हणून. काही तास मागतात. तिथे अडतं.

खडूस_मास्तर:
तेच तर. तुमच्याकडे २३ तास अभ्यास करून ४० लिहितात, आमच्याकडे पहिल्या दोन बाकांपुरता वर्ग भरतो आणि हजेरीत ६०. दोन्हीकडची पुस्तिका मात्र सुरेख. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार. अभ्यासक्रम युरोपच्या तोडीचा करायचा म्हणून आमच्या बैठका होतात तेव्हा निम्मा वेळ उद्दिष्टांच्या वाक्यांना क्रियापदं लावण्यात जातो. "विद्यार्थी विश्लेषण करू शकेल." प्रयोगशाळेत तेरा मुलांत एक ऑसिलोस्कोप, त्यावर कसलं विश्लेषण करतोय तो?

सरळमार्गी:
मास्तर, ते पैशाचं दुखणं आहे, बोलोन्याच्या माथी का मारता? जाहीरनाम्याने कोणाला डिप्लोम पुरायला सांगितलं नव्हतं. सॅक्सनी राज्यातल्या ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात मेकॅनिकलला आजही डिप्लोम आहे. १० सत्रं, ३०० क्रेडिट, सगळं युरोपच्या मापात बसवलेलं. ज्यांना जुनं हवं त्यांनी खुशाल तिकडे अर्ज करावा. शिकवणं जर्मनमधून आहे, तेवढी तयारी ठेवा.

नेकारकाठी:
म्हणजे क्रेडिट मोजूनही डिप्लोम ठेवता येत होता, हे तुमच्याच तोंडून आलं! मग बाकीच्या राज्यांनी तो घाईघाईने का सोडला ते सांगा आता.

सरळमार्गी:
सांगतो, पण उद्या. आत्ता शिफ्टला निघालोय. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, तुमच्या १८०० तासांत ती बसवायची कुठे तेही तोवर कोणीतरी मांडून ठेवा.