स्लाइस आणि पार्टिशन: दोन वेगळे मराठी शब्द हवेत

कोपरीचा पेंग्विन: ऐरोलीतल्या आमच्या शनिवारच्या मंडळींसाठी टिपण लिहितोय: एकाच डिस्कवर लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन ऑपरेटिंग सिस्टिम. मशीनं जुनी, एमबीआरवाली (डिस्कच्या वाटण्यांची नोंद ठेवायची जुनी पद्धत). लिनक्स ज्याला पार्टिशन म्हणतं त्याला फ्रीबीएसडीत स्लाइस म्हणतात, आणि स्लाइसच्या आत पुन्हा पार्टिशनं: 'ए' रूट (मुख्य फाइलींचं), 'बी' स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायचं), 'सी' म्हणजे अख्खी स्लाइस. दोन्हीला 'विभाग' लिहिलं तर 'विभाग पुसा' वाचून एखादा लिनक्सच उडवायचा. शब्द सुचवा.

नौपाडेकर: स्लाइस = काप, पार्टिशन = कप्पा. झालं.

वाशीची माई: कापाच्या आत कप्पा कसा मावेल हो? 'फाळणी' घ्या. नांगराच्या फाळाने जमीन चिरतात, तिथलाच असावा हा शब्द.

नौपाडेकर: कोणत्या कोशात? आणि फाळणी म्हटलं की १९४७च आठवतं.

घणसोली गावठाण: सातबाऱ्यावर बघा की. सर्व्हे नंबर, हिस्सा, पोटहिस्सा. डिस्क सर्व्हे नंबर, स्लाइस हिस्सा, आतलं पार्टिशन पोटहिस्सा. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यातल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडापायी आमच्याकडे पोरांनाही हे शब्द पाठ आहेत.

कोपरीचा पेंग्विन: पोटहिस्सा झकास. पण एमबीआरमध्ये प्राथमिक नोंदी ४च. त्यातली एक फ्रीबीएसडीला (प्रकार १६५), एक लिनक्सच्या एक्स्टेंडेडला. तिच्या पोटातली लॉजिकल पार्टिशनं ५ पासून मोजतात. मग तेही पोटहिस्सेच का?

नौपाडेकर: बघा! तलाठी बोलवा आता.

घणसोली गावठाण: 'कप्पा' लिहिल्यावर सुतार बोलावता का?

टर्मिनलवाला: मंडळी, स्क्रीनवर जे दिसतं तेच लिहा. वाचणारा 'पोटहिस्सा' कुठे शोधणार? शिवाय एमबीआरऐवजी जीपीटी ही नवी पद्धत केलीत तर प्रश्नच मिटला. १२८ नोंदी, स्लाइस हा प्रकारच नाही, फ्रीबीएसडीतही सरळ एडीए०पी३ (डिस्क एडीए०, पार्टिशन ३) असं नाव.

कोपरीचा पेंग्विन: आधीच भरलेल्या डिस्का आहेत, दादा. त्यांचा बॅकअप कोण घेणार?

वाशीची माई: मुळात 'पार्टिशन' तरी बरोबर आहे का? वन रूम किचनमध्ये आपण 'पार्टिशन टाकलं' म्हणतो ते मधल्या प्लायवूडला. पलीकडच्या खोलीला कोणी पार्टिशन म्हणत नाही.

टर्मिनलवाला: संगणकात म्हणतात.

वाशीची माई: संगणकवाले म्हणतात. मराठीत नाही.

नौपाडेकर: आणि अनेकवचन 'पार्टिशनं' कधीपासून? आमच्याकडे 'पार्टिशन्स'च.