आठ अंशांची थंडी की उणे अठ्ठावीसचा बर्फ: जास्त छळते कोणती?

हरभऱ्याचा घाटा (दारव्हा)

शाळेतल्या दोस्तांच्या ग्रुपवर परवा कॅनडातल्या विनिपेगच्या मित्रानं फोटो टाकला. बर्फात अर्धी गाडलेली कार आणि खाली एक ओळ: 'इथं उणे २८ हाय. तुम्ही ८ मधे काकडता काय बे?' सगळे हसले. मीही हसलो. आता भांडतो.

माझं म्हणणं असं, की थंडी पाऱ्यावर मोजू नका, अंगाला किती तास लागते त्यावर मोजा. त्याच्या घरात भट्टी चालू असते आणि आत २१ अंश. माझ्या घरात पहाटे बाहेर जेवढं हीव, जवळपास तेवढंच आत. कारण आमची घरं मे महिन्यासाठी बांधलेली. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. अशा मुलखात घर बांधणारा माणूस वारा कुठून येईल तेच पाहतो, कुठून अडेल ते पाहत नाही. वर टिन, खाली फरशी, खिडकीत कूलर. हिवाळ्यात कूलर काढून ठेवणारी घरं मी फार पाहिली नाहीत. मागून पोतं नाहीतर निवडणुकीचं जुनं फ्लेक्स बांधायचं, तरी पहाटे वाळ्याच्या जाळीतून वारा थेट उशाशी येतो. फ्लेक्सवरचा उमेदवार मात्र हात जोडून हसत असतो.

आता वावरातलं ऐका. ओलिताला लाइन, म्हणजे वीज, आळीपाळीनं येते, दिवसा असली तर आठ तास आणि रात्री असली तर दहा. रात्रीची पाळी आली की दोन वाजता उठून तुषारचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात न्या. जोड सोडला की पाइपातलं उरलेलं पाणी बाहीतून काखेपर्यंत जातं, आणि त्याच ओल्या सदऱ्यानं बाकीचे पाइप जोडायचे. विनिपेगमधे उणे २८ मधे कोणी ओल्या अंगानं उभं राहतं काय?

माजी हवालदार (मेहकर)

काय लावलं बाप्पा हे! मी लडाखातल्या द्रासले हिवाळा काढला. सव्वातीन हजार मीटर उंची, रात्री उणे वीस-पंचवीस. टमाटा भिंतीवर मारला तं भिंतीचा पोपडा निंगे, टमाट्याले काही होत नव्हतं. पायात दोन-दोन मोजे, त्यावर बूट, तरी बोटं जागेवर हायेत का नाई हे चाचपून पाहा लागे. हिमदंशानं बोट काळं पडलं की डॉक्टर कापते. तुह्या हरभऱ्याच्या वावरात आजवर कोणाचं बोट कापलं? नाई ना? मंग गुमान राह्य. थंडी अंगाले लागणं येगळं अन् थंडीनं अंग जाणं येगळं.

हरभऱ्याचा घाटा

काका, तुमच्यापुढं बोलायची माझी टाप नाही. पण एक सांगा, ड्युटीवरून परत आल्यावर खोली तापवायला बुखारी होती की नव्हती?

माजी हवालदार

होती. घासलेटची. पण ड्युटी बुखारीपाशी नसते राजा.

विनिपेगचा वऱ्हाडी (मूळ अचलपूर)

माझ्या एका ओळीवर एवढं पुराण? बरं, ऐक. घरात २१ अंश असतात हे खरं. पण डिसेंबरात इथं सूर्य सव्वाआठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो. मी अंधारात कामावर जातो आणि अंधारातच परत येतो. गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या प्लगला लावून ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी चालू होत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली आणि टोपी-हातमोजे घरी राहिले असले, तर तो साधा विसराळूपणा राहत नाही, जिवावर बेततं. तुझी थंडी सकाळी दहाला ऊन पडलं की सोडून जाते. दुपारी तू सदऱ्यावर पारावर बसून शेंगा फोडतोस, तोही फोटो तूच टाकला होतास. माझ्याकडे नोव्हेंबर ते मार्च तसली दुपारच नसते. तू रात्रीचे तास मोजतोस तर दुपारचेही मोज ना.

संत्रावाला (वरुड)

घाटेभाऊ, तुम्ही थंडीच्या नावानं गळा काढता अन् आम्ही तिची वाट पाहून रायलो. संत्र्याच्या आंबिया बहाराले थंडी पाहिजेच. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाले ताण द्यायचा, वरून थंडी पडली पाहिजे, तेव्हा कुठं पाणी सोडल्यावर बहार एकसाथ फुटते. मधातच ढग आले, थंडी मोडली, की फूट निंगते पण फूल नाई निंगत. गव्हाचंही तेच. २०२२ च्या मार्चात उत्तरेकडे ऊन लवकर तापलं अन् गव्हाचा दाणा बारीक पडला, मे महिन्यात सरकारनं निर्यात बंद केली. थंडी वाईट म्हणणारा शेतकरी मी पहिल्यांदाच पाहिला.

हरभऱ्याचा घाटा

थंडी वाईट असं मी कुठं म्हटलं? पिकाला थंडी पाहिजे, मान्य. ती पिकाजवळ राहू दे, मला कशाला रात्री दोनला तिथं बोलावते? तुमची झाडं ताणावर असतात तेव्हा तुम्ही पाणी तोडून घरी झोपता. माझा हरभरा फुलावर असतो.

गुरुजी (तिवसा)

हवालदार आणि विनिपेगकर एका बाजूनं बोलत आहेत, पण त्यांची साक्ष दुसऱ्याच बाजूनं जाते.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. लोक उन्हाळ्यातच भाज्या वाळवून ठेवतात, अंगात पायघोळ फेरन, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी. म्हणजे थंडी येणार हे धरूनच तिथं घर, कपडा आणि स्वयंपाक ठरतो. आपल्याकडे मार्च उजाडला की वाळा, माठ, कूलर, पन्हं अशी सगळी तयारी. हिवाळ्याच्या तयारीला काय, तर मागच्या वर्षीचं स्वेटर.

आणि हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. युरोपातल्या चौदा देशांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात मृत्यू किती वाढतात हे त्यात पाहिलं होतं. फिनलंडमध्ये वाढ सुमारे १० टक्के, आणि उबदार समजल्या जाणाऱ्या पोर्तुगालमध्ये २८ टक्के. बर्फ फिनलंडमध्ये जास्त, पण थंडी अडवणाऱ्या भिंतीही तिथंच. आपलं हवामान खातंसुद्धा सगळीकडे एकच आकडा लावत नाही. मैदानी भागात किमान तापमान १० किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं की थंडीची लाट, किनाऱ्यावर हीच मर्यादा १५.

जाता जाता, विदर्भातली थंडीही बर्फाचीच पाहुणी आहे. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतात, मागून उत्तरेचे कोरडे वारे मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे येतात, आकाश निरभ्र असतं आणि रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होते ते असेच.

माजी हवालदार

गुरुजी, पोर्तुगाल राहू द्या. गावात चार म्हातारे शेकोटीपाशी बसून बिड्या ओढतात त्याले थंडीची लाट म्हणता काय?

पांढरकवड्याची सूनबाई

शेकोटीपाशी म्हातारे असतात, बरोबर. म्हाताऱ्या कुठं असतात ते कोणी विचारलं का? त्या चुलीपाशी असतात, सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवत, अन् त्यांची आंघोळ शेवटी, कोमट पाण्यानं.

हरभरा अन् संत्रा झाला असेल तर कापसाचं बोला. डिसेंबरात सकाळी कपाशी दवानं ओली असते. ओला कापूस वेचू नये, दव उतरू द्यावं, हे सगळ्या बाया जाणतात. पण मजुरी किलोवर. दहा वाजेपर्यंत धुऱ्यावर बसलं तर तेवढी मजुरी गेली. म्हणून बाया थांबत नाहीत. थंडीनं बोटं भेगाळलेली, बोंडाची वाळलेली टोकं बरोबर त्या भेगेत घुसतात. हातमोजे घाला म्हणाल, तर हातमोज्यानं बोंडातून सरकी-कापूस निघत नाही, करून पाहा. विनिपेगच्या भाऊजींना म्हणावं, तिकडच्या बर्फाचं कौतुक आहेच, पण इकडची दुपार इकडच्या बाईच्या वाट्याला कुठं येते? दुपारी ती वावरातच असते, पाठीवर वटी बांधून.

विनिपेगचा वऱ्हाडी

वहिनी, तुमच्याशी वाद नाही. घाट्याशी आहे. तो वेचायला जातो काय?

टिनावरचं माकड (पुसद)

घराचं बोलतो. आजोबाचं घर मातीचं होतं, हात-दीड हात जाड भिंत, वर कवेलू. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गार. ते पाडून टिन कोणी टाकलं? आपणच. आता थंडी लागते म्हणून रडायचं कशाला? बर्फातली माणसं घर सांभाळतात, आपण लग्नात दिसायला पाहिजे म्हणून पाडतो.

हरभऱ्याचा घाटा

नाव माकडाचं घेतलं अन् माकडालाच विसरला! कवेलू कोणी सोडले ते गावात विचार. वांदरांचा कळप एकदा छपरावरून गेला की अर्धे कवेलू खाली. दर पावसाळ्याआधी फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर नवे कवेलू मिळत नाहीत, कुंभारानं भट्टी बंद केली. टिनावर माकड नाचलं तर झोप मोडते, छप्पर तर राहते ना.

आशाताई (गोंदिया)

वाद चालू द्या, एक कामाचं सांगते. थंडी वाढली की दार-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवतात, लेकरू-बाळंतीण आत. हे करू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, धूरही दिसत नाही, माणूस झोपेतच जातो. शेगडी बाहेर काढूनच झोपा. बाळाला उघडं ठेवून शेकत बसण्यापेक्षा आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून घ्या, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं.

संत्रावाला

ताई, हे बरं सांगितलं. अन् ज्याले बर्फच पाहायचा हौस हाय त्यानं चिखलदऱ्याले नको जाऊ, फेब्रुवारीपर्यंत थांबावं. ११ फेब्रुवारी २०१८ आठवते ना? बुलडाणा, अमरावतीकडे गारांचा असा खच पडला की वावरं पांढरी. फोटो काढणारे सगळे बाहेरचे होते. ज्याचं वावर होतं तो धुऱ्यावर उकिडवा बसला होता.

सालदाराचा पोरगा (कळंब)

सगळं वाचलं. घाटेभाऊ, तुम्ही म्हणता थंडी अंगाला किती तास लागते त्यावर मोजा. मंजूर. मग अंग कोणाचं तेही सांगा. रात्री दोनला पाइप तुम्ही उचलता की तुमचा सालदार? माझा बाप दुसऱ्याच्या वावरात सालावर आहे. पाडव्याला रक्कम ठरते, त्यात रात्रीचं ओलीत वेगळं धरत नाहीत. आठ दिवस रात्रीची लाइन असली तर आठही रात्री बाप वावरात, अन् सकाळी बैलांचं शेणपाणी आहेच. मालक म्हणते, 'मीही जागाच असतो, फोन करत असतो.' फोनमधून हीव लागत नाही.

हरभऱ्याचा घाटा

एक रात्र तो, एक रात्र मी. जास्त त्याच्या येतात, हे खरं. पण म्हणूनच तर म्हणतो की भांडण रात्रीच्या लाइनीशी आहे. लाइन दिवसा द्या, मग सालदारही झोपेल, मालकही.

सौरवाला (नेर)

आमच्याकडे वावराला लाइन देणारा फिडर सौरवर गेला, दिवसा लाइन मिळते. २०१७ पासूनची योजना, आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, पण आली. तेव्हापासून रात्रीचं ओलीत बंद. निरभ्र थंडीत पॅनल उन्हाळ्यापेक्षा चांगलं काम करते, तापलं की उलट कमी देते. त्यामुळं 'विदर्भात थंडी फार' हे रडगाणं मला जुनं वाटते. अडचण लाइनीची होती, ती सुटली की आठ अंश म्हणजे मस्त झोपायचा मोसम. विनिपेगवाल्याचंच बरोबर आहे.

सालदाराचा पोरगा

सौरवाले भाऊ, तुमच्या गावात रानडुकरं नाहीत काय? आमच्याकडे लाइन दिवसा झाली तरी रात्री जागल आहेच. हरभऱ्याला घाटे भरले की मचाणावर माणूस लागते, टिनाचा डबा वाजवत. ओलितातून सुटला तर बाप जागलीला जाईल. डुकरं लाइन पाहून येत नाहीत.

माजी हवालदार

पोरा, तुह्या बापाले माह्याकडून एक फौजी जर्किन घेऊन जा. खोटं नाई, खरंच सांगतो. द्रासचं हाय, अजून शाबूत हाय. पण बाकीच्याइले सांगतो, उणे पंचवीस ते उणे पंचवीसच.

सालदाराचा पोरगा

जर्किन घेतो काका, येतो रविवारी. घाटेभाऊ, तुमचं काय? पाडव्याला नवं साल ठरवताना रात्रीच्या ओलिताचे वेगळे पैसे धरणार का?

हरभऱ्याचा घाटा

ते मी माझ्या सालदाराशी बोलतो. वावरात बसून.

सालदाराचा पोरगा

इथंच बोला ना. बाकीचे मालकही वाचून रायले.